झपाटलेल्या मॉडची गोष्ट कशी रचावी

व्हिडिओ गेमच्या मॉडवर रचलेल्या काल्पनिक भयकथेत भूत दुय्यम असते. मुख्य असते ती एक फाइल. ती कुणीतरी बनवलेली असते, कथेतल्या खेळाडूने ती स्वतःच्या हाताने संगणकात टाकलेली असते, आणि मग तिने जेवढे करायला हवे त्याहून थोडे अधिक ती करू लागते. मॉड म्हणजे मूळ कंपनीने नव्हे, तर एखाद्या हौशी माणसाने गेममध्ये घातलेली भर किंवा केलेला फेरफार. हा माणूस कोण, त्याने हे कशासाठी केले आणि जे त्याला ठाऊक असायला नको ते त्याला कसे ठाऊक होते, या प्रश्नांतच अशा कथेचा जीव असतो. फुकट नाणी मिळावीत म्हणून टेलिग्रामवरून फिरणाऱ्या मोबाइलच्या मॉड एपीकेंचा येथे विचार केलेला नाही, कारण त्या बनवणाऱ्याचा हेतू पहिल्याच क्षणी उघड असतो आणि हेतू उघड झाला की कथा उरत नाही.

आधीच्या कथांकडे कसे पाहावे

लिहायला बसण्यापूर्वी इंटरनेटवर गाजलेली काही उदाहरणे नीट पाहून घ्यावीत. पहिले हीरोब्राइनचे. २०१० साली माइनक्राफ्ट या ठोकळ्यांचे जग बांधण्याच्या गेमच्या एका खेळाडूच्या नावाने एक लहानशी हकीकत आणि एक चित्र पसरले. धुक्याच्या कडेला एक आकृती उभी होती. अंगकाठी गेममधल्या नेहमीच्या पात्राची, पण डोळे पांढरे. असे पात्र त्या गेममध्ये कधीच नव्हते. तरीही ही दंतकथा टिकली, आणि निर्मात्यांनी २०११ पासून अनेक आवृत्त्यांच्या बदलयादीत ‘हीरोब्राइन काढून टाकला’ अशी ओळ गमतीने घालायला सुरुवात केल्यावर तर ती अधिकच फोफावली. त्या आकृतीची सगळी ताकद तिच्या स्वस्थ उभे राहण्यात होती. पुढे चाहत्यांनी हीरोब्राइनला खरोखर गेममध्ये आणणारे कितीतरी मॉड तयार केले, पण त्यांतला एकही मूळ चित्राइतका भीतिदायक नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मॉडमधला हीरोब्राइन अंगावर धावून येतो, आणि जो धावून येतो त्याला तलवारीने मारता येते.

२०१० च्याच सप्टेंबरमध्ये निंटेंडो ६४ या गेमयंत्रावरच्या ‘मेजोराज मास्क’ या २००० सालच्या गेमवर एक कथा लिहिली गेली. एक विद्यार्थी एका म्हाताऱ्याकडून हाताने नाव लिहिलेले जुने कार्ट्रिज आणतो आणि त्यात ‘बेन’ नावाने कुणाचा तरी अर्धवट खेळ आधीच साठवलेला असतो. गेममधली पात्रे खेळाडूला मधूनमधून बेन म्हणून हाक मारतात, आणि तो खेळ पुसला की त्यांच्या बोलण्यात नावाची जागाच रिकामी राहते. लेखकाने मजकुराबरोबर गेममध्ये फेरफार करून चित्रित केलेले व्हिडिओही दिले, त्यामुळे कथेतले वाक्य आणि डोळ्यांपुढचा पुरावा एकमेकांना दुजोरा देत राहिले. यात ध्यानात घेण्यासारखे म्हणजे पुसलेली फाइल. संगणक वापरणाऱ्या प्रत्येकाचा पुसण्यावर फार विश्वास असतो आणि कथेने नेमका त्यालाच हात घातला.

तिसरे उदाहरण ‘मॉरोविंड’ या २००२ सालच्या गेमवरचे, आणि मॉडची भयकथा या प्रकाराचा कणा मला तेथे सर्वांत ताठ दिसतो. या गेमच्या संगणकावरील आवृत्तीबरोबर मॉड बनवण्याचे साधनच दिले जात असे, त्यामुळे अनोळखी माणसाने बनवलेली, अर्थहीन नावाची एखादी फाइल सापडणे वाचकाला अजिबात नवलाचे वाटत नाही. कथेतल्या मॉडमध्ये मुख्य कथानकातली माणसे सुरुवातीलाच मेलेली असतात, एका जागी रेंगाळले की खेळाडूचे आरोग्य आपोआप घटू लागते आणि रात्री गावातली पात्रे घराबाहेर येऊन आकाशाकडे पाहत उभी राहतात. पाहणे, थांबणे, आरोग्य कमीजास्त होणे, हे सगळे गेममध्ये मुळात आहेच. बाहेरून काहीही आणलेले नाही.

चौथे उदाहरण कथेचे नसून खऱ्याच मॉडचे आहे. ‘डूम’ हा १९९३ सालचा गेम. त्यातली चित्रे, आवाज आणि नकाशे वॅड नावाच्या वेगळ्या फाइलीत ठेवलेले असल्यामुळे लोकांना ते बदलणे सोपे गेले आणि मॉड बनवण्याची मोठी परंपरा त्यातूनच उभी राहिली. मार्च २०२३ मध्ये ‘डूम २’ साठी ‘मायहाउस’ नावाचा नकाशा प्रसिद्ध झाला. दिवंगत मित्राच्या अपुऱ्या राहिलेल्या कामाचा जीर्णोद्धार, अशी त्याची ओळख करून दिलेली होती. उघडल्यावर दिसते ते एक साधे घर, पण खेळणारा फिरत असताना ते घर कुठलाही गाजावाजा न करता बदलत जाते. दुःखाच्या निमित्ताने केलेले हौशी काम हा मुखवटा किती उपयोगी पडतो, हे शिकण्यासाठी लिहायला घेण्यापूर्वी हा नकाशा एकदा तरी खेळून पाहावा.

गेम कोणता घ्यावा

जो गेम तुमच्या बोटांना पाठ आहे तोच घ्यावा. दुसरा कुठलाही घेऊ नये. मराठवाड्यातल्या एका पिढीने नेट कॅफेत तासावर पैसे मोजून ‘जीटीए सॅन अँड्रियास’ खेळला आहे, त्याच्या सीडीवर अँबेसेडर आणि स्कॉर्पिओ घातलेले देशी मॉड पाहिले आहेत, आणि मॉडेल्सच्या फोल्डरमधली जीटीए-३ डॉट आयएमजी ही फाइल चुकीची बदलली की गेम सुरूच होत नाही, हे त्या पिढीला अनुभवाने ठाऊक आहे. अशा वाचकाला खरे फोल्डर सांगितले की तो तिथल्या तिथे तुमच्या बाजूला येतो. या गेममध्ये खऱ्याच विचित्र गोष्टीही आहेत. बॅक ओ बियाँड नावाच्या रानात चालक नसलेल्या, मोडक्या गाड्या उतारावरून आपोआप घरंगळत येतात. त्याचे कारण साधे आहे : गेम त्या गाड्या उतारावर निर्माण करतो आणि त्या सुटतात. कारण ठाऊक असूनही रानात एकट्याने असताना अशी गाडी समोर आली की जीव दचकतो. कथेचे बीज अशा ठिकाणी शोधावे. गेमची एखादी खरी, सर्वांना माहीत असलेली खोड घ्यावी आणि ती एक पायरी पुढे न्यावी. गाडी चढावर घरंगळत आली, एवढे एक वाक्य पुरते. फार तर तिच्या नंबर प्लेटवर एमएच-४४ लिहिलेले असावे, म्हणजे अंबाजोगाईचा वाचक पुढचे पान उलटल्याशिवाय राहणार नाही.

माइनक्राफ्ट या कामाला अधिकच सोयीचा आहे, कारण त्याच्या जावा आवृत्तीत सगळे उघड्या फोल्डरांत दिसते : मॉडच्या जार फाइली एका फोल्डरमध्ये, साठवलेली जगे दुसऱ्यात, एफ-२ दाबून काढलेले स्क्रीनशॉट तिसऱ्यात, आणि तेही दिनांक आणि वेळ नावातच घेऊन. मॉड चालवण्यासाठी आधी फोर्ज किंवा फॅब्रिक यांपैकी एखादा पूरक प्रोग्राम बसवावा लागतो. अंधारात असताना हा गेम कसलेही कारण नसलेले गुहेचे आवाज अधूनमधून वाजवतो, हेही लक्षात ठेवावे. हे आवाज कथेत भीतीसाठी वापरू नयेत, कारण ते नेहमीचे आहेत. उलट, ते थांबले आहेत हे निवेदकाच्या उशिरा लक्षात यावे.

एक नियम ठरवणे

आता एक कथा येथेच रचून पाहू. जायकवाडीचे धरण १९७६ साली पूर्ण झाले आणि नाथसागराच्या पाण्याखाली गोदाकाठची गावे गेली. अशा एका गावासाठी नाव बनवावे. खऱ्या गावाचे घेऊ नये. आपल्याकडे एकाच नावाची खुर्द आणि बुद्रुक अशी दोन गावे सर्रास असतात, तेव्हा खुर्द पाण्यात गेले आणि बुद्रुक काठावर राहिले, असे म्हटले की कुणालाही ते खोटे वाटणार नाही. बुद्रुकमधल्या एका मुलाला मामेभावाकडून पेनड्राइव्हवर माइनक्राफ्टचा एक मॉड आणि त्याबरोबरचे एक जग मिळते. ते उघडले की दिसतो तो नुसता जलाशय. पाण्यात बुडी मारली की खाली गल्ल्या, पार, मारुतीचे देऊळ, एक वाडा आणि एक बारव, असे सगळे जुने गाव ठोकळ्यांनी बांधलेले आढळते.

नियम असा : जग उघडावे तसे कधी पाणी एका थराने उतरलेले असते, कधी जैसे थे असते. माइनक्राफ्टच्या नेहमीच्या जगात समुद्राच्या पाण्याचा सर्वांत वरचा थर ६२ या उंचीवर असतो आणि एफ-३ दाबले की नजरेसमोरच्या पाण्याची उंची आकड्यात वाचता येते, त्यामुळे निवेदकाजवळ भीतीची मोजपट्टी आयतीच आहे. तो आकडे वहीत लिहितो. पंधरवड्यानंतर त्याच्या ध्यानात येते की जगातले पाणी ज्या दिवशी उतरते त्या दिवशी वर्तमानपत्रात छापलेला नाथसागराचा साठाही घटलेला असतो, आणि कालव्याला आवर्तन सुटले त्या दिवशी येथे दोन थर एकदम गेले होते. निवेदकाच्या संगणकाला इंटरनेटची जोडणी नाही.

येथवर झाला तो नियम. या नियमाची मोडतोड संपूर्ण कथेत एकदाच करायची असते, आणि नवे लेखक नेमके येथे हात सैल सोडतात. पाण्याबरोबर पात्रे बोलू लागतात, पडदा लाल होतो, संगणक आपोआप चालू होतो, आणि इतक्या चमत्कारांच्या गर्दीत कशालाच किंमत उरत नाही. आपल्या कथेतली मोडतोड एवढीच ठेवू की एके दिवशी जगातले पाणी आधी उतरते आणि वर्तमानपत्रातला आकडा दुसऱ्या दिवशी येतो. मॉड आता धरणाची नक्कल करत नाही. पुढे काय, ते वाचकाला तुमच्याआधी कळते, आणि ते तसे कळू द्यावे.

पाणी घटताना पाहण्याची ही भीती मराठवाड्याबाहेर कितपत पोहोचेल, याची चिंता करू नये. ज्या भागात २०१६ साली लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथल्या वाचकाला मे महिन्यात खाली खाली जाणाऱ्या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही, आणि बाहेरच्या वाचकाला तो या वाचकाच्या अस्वस्थतेवरूनच उमगतो.

मॉड बनवणारा माणूस

कथेत मॉड बनवणारा कधीही प्रत्यक्ष येऊ नये. तो दिसावा तो त्याच्या कामातून : फाइलींना दिलेल्या नावांतून, शुद्धलेखनाच्या चुकांतून, कुठे खूप मेहनत घेतली आणि कुठे कंटाळा केला त्यावरून. मॉडबरोबर बहुधा रीडमी नावाची एक साधी मजकुराची फाइल असते आणि कथाकारासाठी ती मोलाची जागा आहे. ती गूढ भाषेत लिहिण्याचा मोह टाळावा. सावधान, परत फिरा, हा शाप आहे, असे खरा मॉड बनवणारा लिहीत नाही. तो कोणती आवृत्ती लागेल ते सांगतो, आभार मानतो आणि माफी मागतो. आपल्या कथेतली रीडमी अशी असू शकेल :

‘नमस्कार. हे माझे पहिलेच काम आहे, चुकभूल सांभाळून घ्या. फॅब्रिक लागेल. जुन्या गावाचा नकाशा आमच्या आज्याच्या सांगण्यावरून केला आहे. देवळाचा कळस बरोबर जमला नाही. बारवेच्या पश्चिमेला काय होते ते कुणालाच आठवत नाही म्हणून तेवढी जागा मोकळी सोडली आहे. तिथे काही बांधू नका.’

यातल्या शेवटच्या वाक्याखेरीज सगळे निरुपद्रवी आहे, आणि शेवटचे वाक्यही तसेच वाचता येते. पाणी उतरत उतरत बारवेपर्यंत आले की पश्चिमेची जागा मोकळी नसावी. तेथे काय आहे हे मात्र निवेदकाने सांगू नये. ते दुसऱ्या कुणीतरी ओळखावे. हे काम आजीकडे द्यावे. आजी लग्न होऊन त्या जुन्या गावात आली होती, धरणाचे पाणी आले तेव्हा ती तरुण होती आणि तिला गेम म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्यामुळे तिच्या बोलण्यात खेळाडूचा कसलाही पूर्वग्रह येत नाही. संवाद असा चालावा :

‘लेकरा, हे कुणी काढलं रं?’
‘माहीत नाही आजी. गेम आहे.’
‘वाडा बराबर हाये. पार बी बराबर. ह्या पायऱ्या कामून काढल्या पर? इकडून कुणी उतरत नव्हतं.’
‘कामून?’
‘चल, जेवाया चल.’

आजीने कारण सांगितले नाही हेच योग्य आहे. नवा लेखक येथे आजीच्या तोंडी दोन पानांची पूर्वकथा घालतो, त्यात एक सून, एक सावकार आणि एक शाप येतो, आणि वाचक निर्धास्त होतो, कारण सून, सावकार आणि शाप त्याने पूर्वी शंभरदा वाचलेले असतात. बोलीचा वापरही एवढ्यापुरताच ठेवावा. निवेदन प्रमाण मराठीत आणि माणसांचे बोलणे त्यांच्या गावचे; त्यातही पैठणकडची आजी लातूरकडच्यासारखे ‘काय करूलालास’ म्हणणार नाही, हे पाहावे.

पुरावा लिहिण्याची रीत

या प्रकारच्या कथेत वाक्यांनी पुराव्यासारखे वागायला हवे. एक नेहमीचा नमुना पाहा : ‘अचानक पडदा काळा झाला, काळजाचा ठोका चुकवणारी किंकाळी ऐकू आली आणि रक्ताने माखलेला एक चेहरा माझ्याकडे पाहून हसला.’ यात गेम कुठेच नाही. हे वाक्य कुठल्याही गेमच्या, कुठल्याही मॉडच्या गोष्टीत जसेच्या तसे उचलून ठेवता येईल, आणि तसे ठेवता येणारे प्रत्येक वाक्य खोडून टाकावे. त्याऐवजी असे लिहावे :

‘मंगळवारी पाणी ५६ वर होते. बुधवारी लाईट नव्हती म्हणून गेम लावला नाही. गुरुवारी रात्री उघडले तेव्हा पाणी ५४ वर आले होते आणि वाड्याच्या दाराची वरची बाजू उघडी पडली होती. दार लोखंडी होते. लोखंडी दार हाताने उघडत नाही, बटण किंवा खटका लागतो, आणि बटण कुठेच बसवलेले नव्हते. शुक्रवारी ते उघडे होते.’

माइनक्राफ्ट खेळणाऱ्याला लोखंडी दाराचा नियम पाठ असतो. न खेळणाऱ्याला तो एका वाक्यात सांगितला आहे. भीती ‘शुक्रवारी ते उघडे होते’ या चार शब्दांत आहे, पण त्याआधीच्या वाक्यांनी तिच्यासाठी जागा केली नसती तर हे चार शब्द पोकळ ठरले असते. ‘अचानक’, ‘भयानक’, ‘अंगावर काटा आला’ हे शब्द पहिल्या खर्ड्यात येतातच. दुसऱ्यात ते काढावेत. निवेदक घाबरला आहे हे त्याने आकडे अधिक नेटकेपणाने लिहायला सुरुवात केली यावरून कळावे.

विजेचा उपयोग येथे आपोआप होतो. शेतीपंपांना थ्री फेज लाईट कित्येकदा रात्रीच मिळते, त्यामुळे बाप दारे धरायला शेतात गेला आहे आणि पोरगा घरात एकटा जागा आहे, हे दृश्य मराठवाड्यात कुठल्याही खटाटोपाशिवाय उभे राहते. वेळेचा पुरावाही त्यातूनच मिळतो. डीपी जळाल्यामुळे तीन दिवस गावात लाईट नाही. चौथ्या दिवशी निवेदक संगणक लावतो आणि स्क्रीनशॉटच्या फोल्डरमध्ये त्याने न काढलेले एक चित्र सापडते, ज्याच्या नावात मधल्या रात्रीची ३ वाजून १२ मिनिटांची वेळ आहे. चित्रात काय दिसते याचे वर्णन दोन ओळींपेक्षा मोठे करू नये : पाणी, काठ, आणि काठावरून कॅमेरा ज्या दिशेला वळलेला आहे ती दिशा. मात्र येथे एका धोक्याकडे लक्ष द्यावे. आपण एकच मोडतोड करायची असे ठरवले होते, आणि हे चित्र दुसरी ठरते. म्हणून दोन्हींपैकी एक निवडावी. मला आकडा आधी उतरण्याची कल्पना अधिक आवडते, कारण चित्राचा उलगडा कुणीही शहाणा वाचक ‘संगणकाचे घड्याळ चुकले असेल’ असा करू शकतो. अर्थात ज्याला हाच संशय वाचकाच्या मनात ठेवायचा आहे त्याने चित्र घ्यावे आणि आकडा सोडावा.

पाटीचा एक उपयोग सांगण्यासारखा आहे. माइनक्राफ्टमधल्या पाटीवर चारच ओळी लिहिता येतात. मॉडमधल्या प्रत्येक घराच्या दाराशी, पुनर्वसनाच्या पाहणीत घालतात तसा, घराचा क्रमांक, घरमालकाचे नाव आणि माणसांची संख्या लिहिलेली पाटी असावी. तीन ओळी झाल्या, चौथी रिकामी. ती रिकामी आहे हे निवेदकाने एकदाच, जाता जाता नोंदवावे. कथेच्या अखेरीस ती भरायची की नाही हे तुमच्या हाती राहते.

काय उचलावे आणि काय सोडावे

मराठवाड्यात गेमच्या नकाशाला शोभतील अशा जागा भरपूर आहेत. देवगिरी किल्ल्यातली अंधारी तर गेमसाठीच खोदल्यासारखी आहे : खंदक ओलांडल्यावर खडकात कोरलेला, वळणे घेत चढत जाणारा काळोखा मार्ग, शत्रूची दिशाभूल करणाऱ्या वाटा, आणि वरच्या तोंडाशी धूर कोंडण्याची सोय. ज्याला भीतीदायक नकाशा कसा आखावा हे शिकायचे आहे त्याने दौलताबादला जाऊन, मोबाइलचा उजेड न लावता, तेथून एकदा चढावे. खेळणाऱ्याला वेग सोडायला लावणे, मागे फिरणे अवघड करणे आणि वाट निवडण्याचा आभास देणे, या तिन्ही युक्त्या तेथे दगडात उभ्या आहेत. नळदुर्गचा पाणीमहाल, धरणाच्या भिंतीच्या पोटात बांधलेला, हे दुसरे उदाहरण. डोक्यावरून पाणी कोसळत असताना आपण कोरड्या सज्जात उभे आहोत, ही जाणीव कुठल्याही गेममध्ये उतरवण्यासारखी आहे.

लोकसमजुतींमध्ये चकवा सर्वांत कामाचा आहे. रात्री शेतातून निघालेला माणूस चालून चालून पुन्हा त्याच बाभळीपाशी येतो, ही गोष्ट प्रत्येक गावात कुणाच्या तरी नावावर सांगितली जाते, आणि गेममध्ये ती शब्दशः घडवता येते, कारण खेळाडूला नकळत मागच्या जागी आणून ठेवणे हे मॉडचे अगदी साधे काम आहे. आसरांच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. नदीकाठी आणि विहिरीपाशी साती आसरांचे दगड पुजणाऱ्या बायका आजही आहेत. त्यांच्या देवतेला पडद्यावरची राक्षसीण करणे मला पटत नाही, आणि कथेच्या दृष्टीनेही तो तोट्याचा व्यवहार आहे. बारवेच्या कोनाड्यात शेंदूर लावलेले सात दगड दिसले आणि निवेदकाने ते मोजले, एवढ्याने जे साधते ते आसरा प्रत्यक्ष उभी करून साधत नाही.

किल्लारीला हात लावू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत जी हजारो माणसे गेली त्यांची घरची माणसे आपल्या आजूबाजूला आहेत, ती आपली कथा वाचणार आहेत, आणि त्यांच्या मेलेल्या माणसांना एखाद्या गेममध्ये दारे उघडायला लावणे हे कौशल्याचे नव्हे, निबरपणाचे काम आहे. धरणात गेलेल्या गावांबद्दलही काही प्रमाणात हेच म्हणता येईल. म्हणून गाव काल्पनिक ठेवायचे, आणि कथेतला राग पाण्यावर किंवा मॉड बनवणाऱ्यावर जावा, उठवल्या गेलेल्या माणसांवर जाऊ नये.

शेवट आणि त्यानंतर

कथेचा शेवट नोंदींच्या स्वरूपातच करावा आणि उलगडा टाळावा. मॉड बनवणारा १९७६ पूर्वीच मेलेला होता, ही कल्पना पहिल्यांदा सुचते तेव्हा फार चमकदार वाटते, परंतु ती सर्वांनाच सुचते. त्यापेक्षा तो जिवंत आहे, पुण्याला नोकरीला आहे, मामेभाऊ त्याला फोन लावून देतो आणि तो अगदी मोकळेपणाने सांगतो की बारवेच्या पश्चिमेला आपण काहीच बांधले नाही आणि पाणी उतरवण्याची सोय मॉडमध्ये घातलेलीच नाही, हे अधिक अस्वस्थ करते. फोनवर तो शेवटी विचारतो, ‘आता किती वर आलंय?’ आणि निवेदक आकडा सांगतो. त्यापुढे लिहू नये.

लांबीचे म्हणाल तर अशा कथेला तीन ते चार हजार शब्द पुरतात. तारखा घातल्या असतील तर वार आणि तिथी पंचांगाशी ताडून पाहावेत, कारण अमावास्येच्या रात्री चांदणे पाडणाऱ्या लेखकाला गावाकडचा वाचक क्षमा करत नाही. गेमची आवृत्तीही एकच धरून चालावी.

कथा प्रसिद्ध करताना ती काल्पनिक असल्याचे सुरुवातीलाच, ठळकपणे आणि कथेच्या बाहेर लिहावे. त्याने परिणाम उणावतो ही समजूत चुकीची आहे; वाचक खोटे आहे हे जाणूनच घाबरायला आलेला असतो. लहान वाचकाचे तसे नसते. २०१४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बारा वर्षांच्या दोन मुलींनी, इंटरनेटवरच्या स्लेंडर मॅन या काल्पनिक पात्रावर विश्वास ठेवून, आपल्याच वर्गमैत्रिणीवर चाकूचे वार केले होते. ती मुलगी वाचली. ज्या घरात एकच मोबाइल थोरल्या भावाकडून धाकट्याकडे फिरतो तेथे आपली कथा कोण वाचेल हे आपल्याला ठरवता येत नाही.

कथा आवडली की लोक मॉडची फाइल मागतात. कथा खरी वाटावी म्हणून कुठली तरी जार फाइल सोबत जोडणे पूर्णपणे टाळावे. जार फाइल म्हणजे चालणारा प्रोग्राम; जून २०२३ मध्ये माइनक्राफ्टच्या मॉडमध्ये लपवलेला फ्रॅक्चरायझर नावाचा घातक प्रोग्राम कर्सफोर्जसारख्या मॉडच्या नावाजलेल्या संकेतस्थळावरूनही पसरला होता, तेव्हा अनोळखी लेखकाच्या पेनड्राइव्हवरची फाइल उघडण्याची सवय आपण वाचकांना लावू नये. फारच आग्रह झाला तर गेममध्येच गाव बांधून त्या जगाचा नुसता फोल्डर द्यावा. त्यात पाणी ६२ वर ठेवावे आणि पश्चिमेची जागा मोकळी सोडावी.